रात्रपाळीच्या नोंदी

दार लोटून घ्या रे. आणि तू तो मोबाइल पालथा ठेव. ऐकायचं असेल तर नीट ऐका. ही गोष्ट मला ज्यानं सांगितली, तो माझ्या हाताखाली काम शिकलेला. नाव नको, ऑफिसात त्याला सगळे चिकट्याच म्हणायचे. कामाला चिकटला की गोचिडासारखा, सुटायचं नाव नाही.

त्याचा धंदा वेगळाच. कंपन्या त्याला रीतसर परवानगीचं पत्र द्यायच्या. म्हणजे काय, तर आमच्या वेबसाइटमध्ये चोर कुठून शिरेल, ते चोराच्या आधी तू शोध. चौदा नोव्हेंबर, मंगळवार. एका कारखान्याचं असंच काम घेऊन तो घरी बसला. पत्रात वेळ दिली होती रात्री अकरा ते पहाटे चार, कारण दिवसा वेबसाइटवर बोजा नको. बायको, मुलगी आत झोपलेल्या. टेबल भिंतीला लावलेलं.

मोठ्या कंपनीच्या पत्त्याला फाटे असतात. पुढे एक शब्द लावला की वेगळंच घर. भरतीचं एक, मालाचं एक. सबडोमेन म्हणतात त्याला. माणसं नोकरी सोडून जातात, एखादा फाटा विसरला जातो, पण आत दिवा जळतच राहतो. चिकट्याकडे लाखभर शब्दांची यादी होती. प्रोग्रॅम एकेक शब्द लावून विचारायचा, इथं कोणी आहे का? नाही. इथं? नाही.

बारा चाळीसला एकानं ‘हो’ म्हटलं.

शब्द होता ‘रात्रपाळी’.

पान कोरं होतं. दुसरा असता तर पुढं गेला असता. यानं त्या पानाच्या पोटात पुन्हा यादी सोडली आणि ‘नोंदी’ नावाचा कप्पा उघडला. ना कुलूप, ना कुठून तिथं यायची वाट. बॉयलरवाल्यानं दर तासाला भरायची वही होती ती. वेळ, दाब, शेरा. शेवटचं पान चार वर्षांपूर्वीचं, मार्चमधलं.

चिकट्याला आठवलं. तेव्हा पेपरात आलं होतं. पहाटे तीन दहाला त्या कारखान्याचा बॉयलर फुटला होता. चौकशीत ठरलं, बॉयलरवाला एक वाजल्यापासून झोपला होता. मेला तोच आणि दोषीही तोच.

आणि इथं काय लिहिलेलं?

एक वाजता : दाब चढतोय.
दोन वाजता : झडप अडकली. मॅनेजर साहेबांना फोन केला. उचलला नाही.
अडीच : पुन्हा केला. म्हणाले, सकाळी बघू, माल थांबवू नको.
तीन : ...

तीनच्या पुढे कोरं.

चिकट्यानं पानाचा फोटो काढून ठेवला. कुणीतरी ही वही नजरेआड केली होती, पुसायची तेवढी राहिली होती. पान बंद करण्याआधी त्यानं ते एकदा नव्यानं उघडलं.

खाली नवी ओळ आली होती. तारीख आजची.

दोन वाजता : दाब चढतोय.

त्यानं घड्याळ बघितलं. दोन वाजून एक मिनिट.

आपल्यासारखंच कुणीतरी आत शिरलंय, असं त्याला वाटलं. वाटणारच. पत्रात कारखान्याच्या पहारेकऱ्याचा नंबर होता. त्यानं लावला.

“दादा, बॉयलरघरात आत्ता कोण आहे?”

“बॉयलरघर?” पहारेकरी जांभई देत म्हणाला. “ते कधीच पाडलं, साहेब. गाड्या लावतात तिथं.”

“जरा बघून या ना.”

पहारेकरी गेला. फोन चालूच होता. पावलं ऐकू येत होती. मग थांबली.

“काय झालं?”

“साहेब... गाड्यांच्या काचांवर वाफ धरलीय. सगळ्या गाड्यांच्या.”

फोन कट झाला.

चिकट्या स्क्रीनकडे बघत राहिला. उठायचं होतं. उठवेना. अडीच. काही नाही. पावणेतीन. काही नाही.

तीन.

ओळ आली. एकेक अक्षर, अडखळत, बोटं शोधत असल्यासारखं.

बघताय ना साहेब.

मग...

घरी सांगा. मी जागा होतो.

त्यानं लॅपटॉप आपटून बंद केला आणि मुलीच्या उशाशी जाऊन बसला. उजाडेपर्यंत तिथंच.

सकाळी दहाला तो कारखान्यात मॅनेजरसमोर होता. मॅनेजर तेच, चार वर्षांपूर्वीचे. चिकट्यानं छापून आणलेला फोटो पुढे सरकवला. नव्या ओळींबद्दल काही बोलला नाही. कसं बोलणार? जुन्या पुरेशा होत्या.

मॅनेजरनं चष्मा लावून वाचलं. सावकाश. मग फोटो उलटा ठेवला.

“तुम्हाला दारं शोधायला बोलावलं होतं. घरात काय पडलंय ते बघायला नाही.”

“साहेब, तो माणूस जागा होता.”

“गुप्ततेच्या कागदावर सही आहे ना तुमची?” आवाज अगदी मऊ. “मग अहवालात लिहा, जुनं निरुपयोगी पान, काढून टाकावं.”

तेवढ्यात एक बाई चहा घेऊन आली. चाळिशीची, डोळे खाली. तिनं दोन कप ठेवले.

“हिचाच नवरा तो,” मॅनेजर तिच्यादेखत म्हणाले. “त्यानं एवढं नुकसान केलं, तरी आम्ही हिला कामावर ठेवलं. माणुसकी म्हणून.”

बाई म्हणाली, “उपकार आहेत साहेबांचे.” आणि तिनं चिकट्याकडे बघितलं. क्षणभरच. त्यानं तोंड उघडलं असेल का?

नाही रे. तो चहा प्यायला.

अहवालात लिहिलं, जुनं निरुपयोगी पान. फोटो पुसला. संध्याकाळपर्यंत तो फाटा बंद झाला, ती वही ज्यात होती ते मशीनही भंगारात गेलं. पुरावा म्हणून आता जगात काही उरलं नाही. मला हे सांगताना तो ढसाढसा रडला. मी विचारलं, निदान त्या बाईला तरी सांगायचंस. म्हणाला, “काका, दोनदा गेलो दारापर्यंत. दुसऱ्यांदा ती म्हणाली, काय हवंय? मी म्हटलं, पत्ता चुकला.”

पुढे त्यानं तो धंदा सोडला, ते भाड्याचं घरही सोडलं. घर का सोडलं, ते मी त्या खोलीत गेलो तेव्हा कळलं. टेबलामागच्या भिंतीवर ताटलीएवढा एक गोल डाग आहे. तिथला रंग फुगून सोलवटतो. तीनदा गिलावा केला मालकानं. भिंतीपलीकडे काही नाही, उघडा जिना आहे.

मी हात लावला होता.

चटका बसला.