पडद्यामागची पाठ

विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझी ताई खोटं बोलत नाही, आणि हे तिच्या बाबतीत भरदुपारी घडलंय. तिच्या प्रयोगशाळेत.

घड्याळाच्या पट्ट्यांसाठी नवीन रबर आलं की त्याचे चौकोनी तुकडे माणसांच्या पाठीवर चिकटवायचे. नंतर सोलून काढायचे. कातडी लाल झाली का, बघायचं. हेच तिचं काम.

पाठ द्यायला येणाऱ्यांत शिवणकाम करणारी एक बाई होती. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "ताई, फार आग होतेय हो."

साहेबांनी तिची पाठ बघितलीसुद्धा नाही.

"घामाने होतं. हिला चाचणीतून काढून टाका."

बाई गेली, की तक्रारही गेली!

पुढे थोड्याच दिवसांत ती तापाने वारली. रबरानेच वारली, असं मी म्हणत नाही.

त्यानंतरची ती दुपार. ताई तपासणीच्या खोलीत शिरली. पडद्यामागे स्टुलावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं.

"काढताय ना?" तिकडून कुजबुज आली.

ताईने तुकडा सोलला. चर्र...

खाली कातडी नव्हती.

खाली दुसरा तुकडा होता.

तो सोलला. चर्र... त्याच्याखाली आणखी एक.

ताईने तोही सोलायला घेतला. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं...

समोरची पाठ श्वासाबरोबर हलतच नव्हती.

"आग होतेय हो, ताई."

आवाज ओळखीचा होता. ताई किंचाळत बाहेर पळाली.

साहेब वैतागून आले. "काय पोरखेळ लावलाय?" म्हणत पडद्यामागे गेले.

आत शांतता.

मग... चर्र. चर्र. चर्र.

थांबेचना.

बाहेर आले ते घामाने डबडबलेले. ताईने हिंमत करून पडदा सारला. नुसतं स्टूल.

"साहेब, कोण होतं?"

ते टेबलाशी बसले. रबर सुरक्षित असल्याच्या कागदावर सही केली. मान वर न करता म्हणाले,

"विचारलं मी तिला. आता आग होत नाही म्हणाली."

ताईने नोकरी सोडली. पट्टे बाजारात आले, धडाधड खपले.

मी तिला म्हणते, अगं, थाप मारली असेल त्यांनी.

ताई म्हणते, "साहेबांना थापा मारताना मी रोज बघायचे गं. त्या दिवशीचा चेहरा तसा नव्हता..."