तिसऱ्या हाकेला ओ

काम साधं होतं. शेखरच्या फोनवर कंपनीच्या सूचना अजून येत होत्या, त्या बंद करायच्या. त्याच्या बायकोने, उज्वला वहिनींनी, शुक्रवारी फोन करून एवढंच सांगितलं, आणि शनिवारी दुपारी मी लॅपटॉप पाठीला लावून नाशिकरोडच्या उपनगरला निघालो. शेखर जाऊन तेव्हा एक पावसाळा उलटला होता. पेठ रस्त्याच्या घाटात त्याची गाडी घसरली. खिशातल्या फोनला ओरखडासुद्धा आला नव्हता.

आमच्या धंद्यात काय असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही सगळे मिळून प्रोग्राम लिहितो आणि ते एका जागी ठेवतो. तिथे कुणी काही बदललं, कुणी प्रश्न विचारला, की ज्यांनी त्यावर लक्ष ठेवायचं म्हणून नाव नोंदवलंय त्यांचा फोन वाजतो. एखाद्याचं नाव घेऊन लिहिलं, तर ती त्याला थेट हाक. शेखर आमच्यातला सगळ्यात जुना, त्यामुळे बऱ्याचशा फायलींना हात लागला की यंत्रच आपोआप त्याला हाक मारायचं. आणि हाक आली की शेखर एकच अक्षर लिहायचा. 'ओ'. बाकीची पोरं अंगठ्याचं चित्र टाकतात. हा मात्र घरात बसल्यासारखी ओ द्यायचा. आम्ही चेष्टा करायचो. तो म्हणायचा, "हाक ऐकून गप्प बसणं बरं नाही रे, वाल्मीक."

तो गेल्यावरही कंपनीने त्याचं खातं बंद केलं नव्हतं. निम्मी यंत्रं त्याच्याच चावीवर, म्हणजे त्याच्या खात्याच्या परवानगीवर, चालत होती, आणि ती काढून काय होतंय ते बघायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे शेखर कागदोपत्री आमच्यात होताच.

वहिनींनी चहा टाकला. देवळालीकडे तोफांचा सराव चालू होता, खिडकीच्या काचा मधूनच थरथरत होत्या. नाशिकरोडला त्याकडे कुणी लक्ष देत नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखालच्या फळीवर शेखरचा फोन, चार्जरला लावलेला.

"बंद करवत नाही, भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "आणि वाजतो तेव्हा ऐकवत नाही."

तेवढ्यात तो वाजला. आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "ओ!"

मी बशी खाली ठेवली. आवाज साक्षीचा होता, शेखरच्या लेकीचा. दुसरीतली पोर. पण ओ देताना ती शेवटी जराशी ओढायची जी शेखरची लकब होती, ती जशीच्या तशी होती.

"बघितलंत? फोन वाजला की ही ओ देते. म्हणते, पप्पा घरी नाहीत, मग त्यांची हाक वाया कशी घालवायची? शाळेतून आली की फोनपाशीच बसते. खाली खेळायला जात नाही, जेवताना अर्ध्यातून उठते." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आम्ही भूतबित मानत नाही, भाऊजी. शेखर तर हसायचेच असल्या गोष्टींना. पण पोरीचं काय करू, सांगा ना."

साक्षी दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला जवळ बोलावलं. माझी आई लासलगावकडची. तिने मला लहानपणी सांगितलेलं मला एकदम आठवलं, आणि मी ते बोलून गेलो.

"साक्षी, दिवेलागणीला कुणाची हाक आली ना, तर लगेच ओ द्यायची नसते. खोटी हाक एकदा येते, फार तर दोनदा. तिसरी हाक फक्त खऱ्या माणसाची. तिलाच ओ द्यायची."

"मग मोजायचं?"

"मोजायचं."

तिने अंगठा मिटला, मग शेजारचं बोट, मग मधलं. वहिनींना हे आवडलं नाही, त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून दिसलंच. पण मी मनात खूश होतो. फोन एका हाकेला एकदाच वाजतो. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

मग मी लॅपटॉप उघडला. या कामासाठी एक छोटं साधन आहे. काळ्या पडद्यावर एकेक ओळ लिहायची, की समोरचं यंत्र सांगतं, हा माणूस कुठे कुठे नोंदलेला आहे आणि का. कारणं दोनच. एक, त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून. दुसरं, तो तिथे स्वतः बोलला म्हणून. वहिनींना विचारून मी शेखरची चावी माझ्याकडे घेतली, आपोआप हाका मारणाऱ्या यंत्रातून त्याचं नाव काढलं, आणि एकेक नोंद मिटवत गेलो. जिथे तिथे त्याची ओ होती. प्रत्येक वाचून मगच मिटवत होतो.

शेवटी एक उरली. तो गेला त्या दिवशी मीच विचारलं होतं, 'शेखर, घाट उतरलास का?' त्याने ओ न दिलेली ती एकच हाक. तीही मिटवली. यंत्र म्हणालं, काही नाही. मित्राला आत ठेवून बाहेरून कडी घातल्यासारखं मला वाटलं.

"कुणी नाव घेऊन लिहिलं तरच परत सुरू होईल," मी म्हणालो. "ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवतो."

वहिनींनी फोन स्वतः बंद केला आणि लाकडी कपाटात ठेवला.

पुढे काही दिवस सगळं ठीक होतं. साक्षी खाली खेळायला जाऊ लागली, असा वहिनींचा निरोपही आला. मग एका संध्याकाळी, मी घरी दिवा लावत असताना, त्यांचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"भाऊजी... ती पुन्हा ओ देतेय."

"फोन चालू केलात का?"

"नाही हो. कपाटात आहे, बंद. ती गॅलरीत उभी राहते. आता लगेच ओ देत नाही... थांबते. अंगठा मिटते. मग बोट. मग मधलं बोट... आणि मग देते. मग हसते, मान हलवते, कुणी काही सांगत असल्यासारखी. आत्ताही तेच चाललंय."

मी एका हाताने लॅपटॉप उघडला. ती काळी चौकट, तीच ओळ. यंत्राने या वेळी 'काही नाही' म्हटलं नाही. एक नोंद होती. माझ्या त्याच प्रश्नावर. कारण: स्वतः बोलला म्हणून.

मी ते पान उघडलं. माझ्या प्रश्नाखाली काहीच नव्हतं. नुसती पांढरी जागा.

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. विचार न करताच बोटांनी मिटवायची ओळ लिहिली आणि पाठवली.

फोनमधून साक्षीचा आवाज आला, लांबून, हिरमुसलेला. "आई... पप्पा बोलता बोलता थांबले."

वहिनींचा आवाज एकदम फोनजवळ आला.

"भाऊजी... तुम्ही आत्ता काय केलंत?"

नोंद मिटवली, एवढंच मी सांगितलं. वहिनी रडत होत्या, आणि ज्या बाईने मला हे सगळं थांबवायला बोलावलं होतं, तीच म्हणत होती, "होतं तसं करा. मी काही मानत नाही... पण होतं तसं करा."

होतं तसं करायचा मार्ग एकच होता. मी माझ्या त्या जुन्या प्रश्नाखाली शेखरचं नाव लिहिलं. दुसरं काही नाही, नुसती हाक. पाठवली.

लगेच वहिनींच्या बाजूने घरघर ऐकू आली, लाकडावर काहीतरी थरथरल्यासारखी. कपाट.

मी कान देऊन साक्षीच्या ओची वाट बघत राहिलो. ती आली नाही. पोर गप्प उभी होती, बहुतेक अंगठा मिटून. अजून दोन हाका यायच्या होत्या, आणि त्या मीच मारायच्या होत्या.