काटाघरातलं भिंग

"चष्मा काढ आन् दे इकडं," आसिम म्हणाला. "धूर निघाला की सांगतो. तोवर तू नुसती बस."

"नुसतीच बसीन. चष्मा काढल्यावर मले दुसरं करता काय येते?" सलोनीनं चष्मा त्याच्या हातात ठेवला.

दिग्रसला रहमतचाचांच्या अंगणात तिघं उकिडवी बसली होती. मधोमध मूठभर कापूस. आसिम आणि त्याची धाकटी बहीण फरहाना दिवाळीच्या सुटीत बोरी अरबहून आपल्या नानांकडे, म्हणजे रहमतचाचांकडे आली होती. सलोनी शेजारची, सातवीतली. नवरात्रात तिला चष्मा लागला आणि त्याच आठवड्यात वर्गात तिला एक नवं नाव पडलं. ते नाव ती कोणाला सांगत नसे.

आसिमनं चष्मा उन्हात धरला. वर केला, खाली केला, तिरपा केला. कापूस होता तसाच पांढरा.

"तुले काच नकली देली," तो म्हणाला.

"काच असली हाये. पण मायनसची हाये." सलोनीला विज्ञानाचे सर आठवले. "सर सांगत होते, लेन्स हे नावच मसुरावरून पडलं. लॅटिनमधी मसुराले लेन्स म्हणते. मसूर मधात फुगीर, काठाले बारीक. तसं भिंग असलं की ऊन एका जागी गोळा होते. माह्यं उलटं हाये. मधात बारीक, काठाले जाड. ते ऊन पसरवते."

"म्हणजे तुह्या मसुराचं पोट आत गेलं," फरहाना म्हणाली.

फरहाना चौथीत होती आणि भिंगाशी तिचं जुनं वैर होतं. सहामाही परीक्षेत 'बिंग फुटणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करायचा होता. तिनं लिहिलं, 'काकांचे भिंग फुटले आणि सगळे पाहतच राहिले.' बाईंनी लाल रेघ मारली आणि समजावलं, की बिंग म्हणजे लपवलेली गोष्ट, भिंग म्हणजे काच. फरहानाचं म्हणणं एवढंच होतं, की या दोघांत फुटते ती काच.

पण आज कोणी व्याकरणासाठी उन्हात बसलं नव्हतं.

रहमतचाचा कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या ज्या जिनिंगमध्ये फिटर होते, तिथल्या काटाघरात, म्हणजे कापसाच्या गाड्यांचं वजन होतं त्या खोलीत, आठवड्यात दोनदा कापूस पेटला होता. दोन्ही वेळा दुपारच्या चहाच्या सुटीत. दोन्ही वेळा खिडकीखाली रहमतचाचा बसलेले, आणि त्यांच्या तोंडात विडी. विडी पेटलेली नसे. रमजानपासून त्यांनी विडी सोडली होती, म्हणजे काडी लावायची सोडली होती. नुसती ओठांत धरून ठेवत. तोंडाला सवय, म्हणत. जिनिंगचे मॅनेजर देवराव यांना ही बारीकसारीक गोष्ट ऐकायला वेळ नव्हता. विडी दिसली, धूर दिसला, हिशेब मिटला. काल त्यांनी रहमतचाचांना घरी पाठवलं होतं. उद्या मालक पूनमसिंग सेठ येणार आणि कायमचा फैसला करणार.

देवराव सलोनीचे सख्खे काका. म्हणून ती जास्तच चिडली होती.

"विडीनं गोल डाग पडते," ती म्हणाली. "परवा काकाजीचा डबा घेऊन गेलती तं मी खिडकीच्या फळीवर पाह्यलं. बारीक काळी रेघ होती. पट्टी घेऊन ओढल्यासारखी. पेटलेली विडी घेऊन रेघा कोण ओढून राह्यलं तिथं?"

"मंग रेघ कोणाची?"

"उन्हाची. सूर्य सरकते तसा ठिपका सरकते. त्या खिडकीत भिंग हाये कुठंतरी. चाल, पाहू."

जिनिंगच्या फाटकापाशी चौकीदार म्हणाला, "सुटीत कापूस पाहाले येता? टीव्ही बिघडला काय?" आणि आत सोडलं.

देवरावकाकाजी टेबलाशी बसले होते. नाकावर जाड भिंगांचा चष्मा, चष्म्याला दोरी, दोरी गळ्यात. फरहानानं सलोनीला कोपरानं ढोसलं. हा खरा मसूर. दोन मसूर. पण सलोनीनं मान हलवली. काकाजी अंघोळीलासुद्धा तो चष्मा काढत नसत. काढला तर साबण सापडत नसे.

"पोरांनो, इथं काय काम हाये?"

"काही नाही काकाजी. आम्ही बसतो."

"बसा. हात कशालेच लावू नका."

तिघं बसली. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. खिडकीच्या रुंद फळीवर कापसाचे नमुने ठेवले होते, एकेका गाडीतले मूठ मूठ, मधून मधून वाळक्या पानांचा काळपट कचरा. खिडकीत पाण्यानं टम्म भरलेली प्लास्टिकची थैली लोंबत होती. माश्या येऊ नयेत म्हणून अशी थैली चहावाले टांगतात, हॉटेलवाले टांगतात, देवरावकाकाजींनीही टांगली होती. चहावाले ती उंच टांगतात. उंच टांगायची तर स्टुलावर चढावं लागतं. काकाजींनी खुर्चीत बसल्या बसल्या गाठ मारता येईल एवढी दोरी लांब ठेवली होती. थैली फळीपासून चार बोटं वर होती.

"माशा खरंच पळते काय हिनं?" आसिमनं विचारलं.

"पाह्य ना स्वतः." काकाजी खूश झाले.

एक माशी फळीवर उतरली. चालत चालत थैलीमागे गेली आणि चटका बसल्यासारखी उडाली. दुसरी आली. तीही त्याच जागी गेली आणि तशीच उडाली.

"पाह्यलं? घाबरते," काकाजी म्हणाले.

सलोनीनं चष्मा नाकावर दाबला. माश्या जिथून उडत होत्या तिथं फळीवर उन्हाचा एक ठिपका होता. तुरीच्या दाण्याएवढा आणि बघवणार नाही इतका पांढरा. तिनं बोट ठेवलं आणि लगेच उचललं. मग ती थैलीकडे पाहू लागली. मधात फुगीर. काठाला बारीक. आरपार दिसणारी.

"काकाजी, हा मसूर हाये," ती म्हणाली.

"पाणी हाये ते, बाई."

"पाण्याचाच मसूर. हिच्यातून ऊन गोळा होते आन् कापूस पेटते. चाचांनी नाही पेटवला."

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं, थैलीकडे पाहिलं आणि ते पोट धरून हसले. "म्हणजे पाण्यानं आग लागली? उद्या म्हणशीन आगीनं हौद भरला. घरी जा आन् चिवडा खा."

बाहेर आल्यावर आसिमनं एक दगड लाथाडला. "झालं. हे ऐकणार नाही. आन् सेठ तर सकाळी येते, ताक पिते, दुपारच्या आत पुसदले निघून जाते. तेव्हा ऊन खिडकीत येतच नाही."

"मंग सेठले थांबवू," सलोनी म्हणाली.

"कसं?"

"ते मी पाहते. तुम्ही नानाले घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पूनमसिंग सेठ आले, ताक प्यायले आणि गाडीकडे निघाले. गाडीच्या दाराशी सलोनी उभी होती.

"सेठजी, सुटीचा निबंध लिहाचा हाये. तुम्ही हे जिनिंग शून्यातून कसं उभं केलं?"

सेठ थांबले. त्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर मात्र कित्येक वर्षांपासून तयार होतं. काटाघरात बसून त्यांनी वडिलांच्या बैलजोडीपासून सुरुवात केली. देवरावकाकाजींनी सतरा वेळा मान डोलावली आणि तीन वेळा डुलकी घेतली. जेवण तिथंच झालं. गोष्ट पहिल्या मशीनपर्यंत पोचली तेव्हा ऊन खिडकीत शिरलं होतं.

तेवढ्यात आसिम आणि फरहाना रहमतचाचांना घेऊन आले. चाचा दारातच खाली बसले, खिडकीपासून दूर. ओठांत विडी होती.

"पाहा सेठजी," काकाजी जागे होऊन म्हणाले. "आताही तोंडात हाये."

"पेटली कुठं आहे?" सेठ म्हणाले.

"सेठजी, माचिस नाही माह्यापाशी," चाचा म्हणाले. "दोन्ही खिसे पाहून घ्या. बाकी तुमची मर्जी."

सेठना हे सगळं आवरतं घ्यायचं होतं. ते खिडकीकडे वळून म्हणाले, "तो कापूस बाजूला सारा, देवराव, जरा हवेशीर बसू."

काकाजींचा हात फळीकडे गेला. सलोनी मध्ये उभी राहिली.

"काकाजी, हात लावू नका."

"सरक."

"नाही सरकणार. हा कापूस हलला तर चाचांची नोकरी गेली. चहा होईपर्यंत थांबा. मंग मले काय बोलाचं ते बोला."

आवाज मोठा नव्हता. पण काटाघरात तिचं असं बोलणं ऐकायची सवय कोणालाच नव्हती, काकाजींना तर मुळीच नाही. त्यांनी हात मागे घेतला. सेठ म्हणाले, "थांबू द्या. चहा मागवा."

चहा आला. आसिमनं चाचांच्या दोन्ही हातांत गरम पेला दिला. सगळे खिडकीकडे बघत बसले. एक ढग आला आणि ठिपका विझला. काकाजी मिशीत हसले. सलोनीनं ढगाकडे असं पाहिलं, की शहाणा ढग असता तर त्यानं वाट सोडली असती. थोड्या वेळानं त्यानं सोडली.

ठिपका कापसातल्या एका वाळक्या पानावर येऊन बसला. पान तपकिरी झालं. काळं झालं. मग त्यातून दोऱ्यासारखा धूर वर आला.

"रहमत," काकाजी सवयीनं ओरडले.

"जी," चाचा दारातून म्हणाले. दोन्ही हातांत पेला, ओठांत कोरडी विडी.

धुराखाली लाल ठिणगी दिसली आणि कापूस कडेनं पसरत जळू लागला. सेठ उठले, काकाजी उठले, दोघांची टक्कर झाली. फरहानानं मात्र ओढणीची टाचणी काढली, खिडकीपाशी गेली आणि थैलीत खुपसली. पाण्याची धार सरळ निखाऱ्यावर पडली. चर्र झालं आणि सगळं शांत.

"भिंग फुटलं," फरहाना म्हणाली.

"बिंग म्हणतात, बेटा," सेठ म्हणाले. "बिंग फुटलं."

"नाही सेठजी. भिंगच. मीच फोडलं."

सेठनी गळणाऱ्या थैलीकडे पाहिलं, मग देवरावांकडे, मग लांबच लांब दोरीकडे. "बरोबर आहे. दोन्ही फुटलं," ते म्हणाले. "तुझ्या बाईंनी विचारलं तर माझं नाव सांग. आणि देवराव, या पोरांनी जिनिंग वाचवलं. तुम्ही काय वाचवलं? स्टुलावर चढायचे कष्ट."

देवरावकाकाजींनी ओल्या फळीवरचा जळका कापूस गोळा केला. मग दाराकडे गेले. "रहमतभाई, मी चुकलो. उद्या सकाळी येजा."

"आताच येतो ना," चाचा म्हणाले. "तिकडं मशीनचा पट्टा कालपासून आवाज करून राह्यला. मले घरून ऐकू येत होता." विडी त्यांनी ओठांतून काढून कानावर ठेवली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सलोनी डबा घेऊन गेली तेव्हा काकाजी स्टुलावर उभे होते. हातात नवी थैली होती.

"माशा तं येतेच ना," ते जरा ओशाळून म्हणाले. "इथं टांगू, का तिथं? तू पाहून सांग बरं. चष्मा लावून."

काटाघरात चार गाडीवाले बसले होते. सलोनीनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, सगळ्यांना दिसेल असा परत लावला आणि मग सावकाश खिडकीकडे पाहिलं.

"तिथं नाही," ती म्हणाली. "सावलीत टांगा. आन् खाली कापूस ठेवू नका."