मधल्या दारापलीकडून

पहाटे साडेपाचला माझ्या उशाशी बातम्या सुरू झाल्या.

मी दचकून उठून बसले. क्षणभर कळेचना, आपण कुठे आहोत. मग पलंग हळूच डुलला आणि आठवलं... जहाज! मुंबईहून गोवा आणि परत. आई बँकेतून रिटायर झाली म्हणून तिला मी ही सफर भेट दिली होती. बातम्या येत होत्या त्या मधल्या दारातून. मोठी कुटुंबं एकत्र आली की दोन केबिन जोडता याव्यात म्हणून ते दार असतं. आमच्या बाजूनं एक कडी, पलीकडून एक. लाकूड म्हणायचं, पण आत बहुतेक पुठ्ठाच.

मी रिसेप्शनला फोन लावला.

"मॅडम, जहाज फुल आहे. केबिन नाही बदलता येणार. इअरप्लग पाठवू का?"

इअरप्लग! मुलुंडच्या एका क्लिनिकमध्ये मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कुणाला किती कमी ऐकू येतं ते मोजायचं, मशीन बसवून द्यायचं, हे माझं रोजचं काम. आणि सुट्टीत मीच कानात बोळे घालू? मी मोठा टॉवेल गुंडाळून दाराखालच्या फटीत कोंबला. काही फरक नाही. उलट टीव्हीच्या वरताण कुणीतरी ओरडलं, "अण्णा, चहा?"

"सहा खंय? आत्ता कुठे साडेपाच झाले!" दुसरा आवाज त्याहून चढा.

आई शांत घोरत होती. मी मात्र उठले आणि दारावर थाप मारली. पलीकडची कडी सरकली, मीही माझी काढली.

समोर तिशीतला एक मुलगा. एका हातात रिमोट, दुसऱ्यात टूथब्रश, हनुवटीला फेस.

"सॉरी, सॉरी... तुम्हाला जाग आली का?"

"मलाच नाही, आख्ख्या गोव्याला आली."

त्यानं घाईघाईनं फेस पुसला... गालभर पसरला. "माझे आजोबा आहेत. आवाज कमी केला की चिडतात हो. पण... एक बोलू? रात्रभर तुमच्याकडूनही येत होता. म्हणजे... घोरण्याचा."

"ती आई आहे!"

"हो ना. मी कुठे म्हटलं तुम्ही?"

तोंड अगदी गंभीर, पण डोळे हसत होते. मला राग धरून ठेवणं अवघड जायला लागलं.

तेवढ्यात त्याच्या मागून एक काटक म्हातारे पुढे आले. पांढरा सदरा, डोळे लख्ख. "कोण गो तू? खंयची?"

"मुलुंडची."

"मालवणची? अगो, माझ्याच गावची तू!" त्यांनी माझ्या हातावर खायला गुळाचं खाजं ठेवलं. मी त्या मुलाकडे हसून पाहिलं... तर त्याचं हसू पार मावळलेलं.

"त्यांचं जरा... असंच चाललंय सध्या," तो हळूच म्हणाला आणि टीव्ही बंद केला.

*

दुपारी तो डेकवर एकटाच कठड्याला टेकून उभा दिसला. नाव मिहिर. मुलुंडहून मुंबईच्या पार दुसऱ्या टोकाला, चारकोपला राहतो, लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर.

"अण्णा लहानपणी बोटीनं मुंबईत आले होते," तो सांगत होता. "परत एकदा बोटीनं जायचं, हे किती वर्षं म्हणायचे. म्हटलं, आत्ताच नेऊ या. पुढच्या वर्षी त्यांना कळेल की नाही, आपण बोटीत आहोत..."

वाऱ्यानं माझे केस तोंडावर येत होते. ते मागे सारत मी विचारलं, "म्हणजे?"

"विसरतायत. भलतंच काहीतरी बोलतात. मागच्या महिन्यात विचारलं, 'गोळी घेतली?' तर म्हणे, 'होळी? होळीक अजून दोन महिने आसत.' काकांनी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. घरी सगळे दबक्या आवाजात बोलतात, आता कसं करायचं, कुठे ठेवायचं. मला तर विचारच करवत नाही, यार. सॉरी. तुम्ही सुट्टीवर आलाय."

मी मात्र बोटांवर मोजत होते. "होळीला तेव्हा खरंच किती दिवस होते?"

"अं? दोन... दोन महिनेच होते."

"आणि सकाळी 'सहा' म्हणाले तेव्हा किती वाजले होते?"

"साडेपाच." तो माझ्याकडे टक लावून बघायला लागला.

"चहा–सहा. गोळी–होळी. मुलुंड–मालवण. मिहिर, त्यांची उत्तरं बरोबर आहेत. प्रश्न चुकीचे पोचतायत. गिरणीत होते का ते?"

"लूमवर. वीस वर्षं. तुम्हाला कसं..."

"मागांच्या त्या खडखडाटात कान जातातच. चला, कुठे आहेत ते?"

अण्णा उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी मेनूकार्डाच्या मागं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आज वार कोणता?' त्यांनी चष्मा लावून वाचलं. "शुक्रवार." 'मुंबईला पहिल्यांदा कसे आलात?' ते खुलले. "बोटीन. बापाशीचो हात धरून. आठ वर्षांचो होतंय. भाऊच्या धक्क्यार उतारलो तेव्हा माझी एक वहाण पाण्यात पडली!" 'तुमच्याबरोबर कोण आलंय?' यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू वेड मलाच लागलंय. "ह्यो माझो नातू, मिहिर. लिफ्टी बसयता. लगीन जावक नाय अजून."

"हे मी विचारलं नव्हतं," मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही. मिहिरला गेलं. पण तो हसला नाही. तो वळून समुद्राकडे बघत राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते.

मी जवळ गेले. "हे बघ, मेंदूचं सांगायला मी डॉक्टर नाही. त्यांच्याकडेही जाच. पण आधी कान तपासू."

"मला तू म्हणालीस," तो डोळे पुसत म्हणाला.

"...चुकून."

"मग परत एकदा चुक ना."

*

पुढचे दोन दिवस मधलं दार उघडंच राहिलं. टीव्हीवर खालची अक्षरं, सबटायटल, कशी लावायची ते मी अण्णांना दाखवलं, आणि जहाज एकदम शांत झालं. आई आणि अण्णा रमी खेळत बसायचे. आई डावात खोटं बोलते हे अण्णांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. आणि मिहिर आणि मी... चालायचो. डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"चारकोप आणि मुलुंड," तो म्हणाला. "लाँग डिस्टन्स झालं हे."

"काय झालं लाँग डिस्टन्स?"

"मैत्री गं. तुला काय वाटलं?"

माझे कान तापले. मग का कोण जाणे, मी त्याला मोडलेल्या साखरपुड्याचं सांगितलं. गेल्या वर्षीचं. माझ्या हॉटेलातल्या ऑर्डरपासून नोकरी सोडण्यापर्यंत सगळं तो माणूस परस्पर ठरवायचा. मिहिरनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ऐकत राहिला. दिवसभर कान तपासणाऱ्या बाईला असं कुणी ऐकून घेतलं की काय होतं, ते लिहून नाही दाखवता येणार.

उतरताना मी त्याला क्लिनिकचं कार्ड दिलं. "शनिवारी अण्णांना घेऊन ये."

"नक्की," तो म्हणाला. माझी बोटं त्याच्या हातात जरा जास्तच वेळ राहिली...

*

तो शनिवारी आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. फोन नाही, मेसेज नाही. त्याचा नंबर मी घेतलाच नव्हता. आई एकदाच म्हणाली, "जहाजावरच्या ओळखी जहाजावरच राहतात गं," आणि मी तिच्यावर उगाचच खेकसले.

तिसऱ्या शनिवारी, शेवटचा पेशंट गेल्यावर मी दिवे बंद करत होते. दारात अण्णा उभे. मागं मिहिर, दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. मी त्याच्याशी अक्षर बोलले नाही. अण्णांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबायचं हे लिहून दाखवलं. पडद्यावर ऐकण्याचा आलेख जसजसा उतरत गेला तसतसा माझा श्वास मोकळा होत गेला. बारीक, तीक्ष्ण आवाज जवळजवळ गेलेले, जाड आवाज शाबूत. गिरणीच्या माणसाचा कान. मशीननं पुष्कळ फरक पडणार होता.

"मशीन बसेल," मी कोरडेपणानं म्हणाले. "मेंदूच्या डॉक्टरांचं काय?"

"काल रिपोर्ट आले. स्कॅन, स्मरणशक्तीची टेस्ट, सगळं. वयाच्या मानानं झकास म्हणाले. म्हणाले, कान तपासून घ्या." बोलता बोलता तो मटकन बाकावर बसला. "गार्गी, तीन आठवडे मी झोपलो नाहीये."

मीही बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. इतकं हलकं वाटलं! आणि मग राग आला. "एक फोन करता येत नव्हता?"

तो खाली बघत म्हणाला, "रिपोर्ट वाईट आला असता तर मी आलोच नसतो. अण्णांनी मला वाढवलंय. त्यांना कुठेही ठेवू देणार नव्हतो मी, सगळं स्वतःच करणार होतो. चार दिवसांच्या ओळखीत तुला त्यात कसं ओढू? म्हटलं, तुझ्यासाठी तेच बरं..."

"माझ्यासाठी काय बरं, ते तू ठरवलंस?"

त्यानं झटकन वर पाहिलं. कळलं त्याला. "...वाट लावली मी. त्यानं केलं तेच केलं ना?"

"हो."

"विचारलं असतं तर... आली असतीस?"

मी खोटं बोलू शकले असते. "माहीत नाही. घाबरले असते. पण विचार केला असता, रडले असते, आईशी भांडले असते. ते सगळं माझं मी केलं असतं. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस."

काचेपलीकडे अण्णा अजून हेडफोन लावून बसले होते. नसलेल्या आवाजासाठी मोठ्या निष्ठेनं कान टवकारून.

"मग आता विचारू?" मिहिरचा आवाज अगदी खाली गेला. "मला तू आवडतेस. खूप. अण्णा ठणठणीत आहेत म्हणून नाही... त्या पहाटे तू दार वाजवलंस, तेव्हापासून. पुढे त्यांना काही झालं, मला झालं, तर तुला पहिला फोन करेन. आणि ठरवशील तू. चालेल?"

मी त्याच्या शेजारी सरकले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यानं इतका मोठा नि:श्वास सोडला की मला हसूच फुटलं. तोही हसायला लागला, मग दोघांनाही थांबता येईना. काचेपलीकडून अण्णांनी आम्हाला पाहिलं, आणि काही न समजता बटण दाबलं.

खाली रस्त्यावर ऊन उतरलं होतं. मिहिरनं रिक्षा थांबवली, अण्णांना हात देऊन आत बसवलं. "तुला घरी सोडू?"

माझं घर पाच मिनिटांवर, ते पण उलट्या दिशेला. मी अण्णांच्या शेजारी चढून बसले आणि आईला मेसेज टाकला, 'जेवायला वाट बघू नको.'

"कुठे जायचं?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

मिहिरनं तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघून मिटलं. तो थांबला.

"चारकोप," मी म्हणाले.