बिनकाचेचा चष्मा

स्टुडिओच्या दारात तो तिच्यावर आदळला, पुटपुटत माफी मागितली आणि चार पावलं पुढे जाऊन, कापड पांघरलेल्या दिव्याच्या स्टँडला अदबीने म्हणाला, “नमस्कार मॅडम.”

फोटोग्राफर मॅडम, म्हणजे तीच, मागे उभ्या होत्या. शाळेपासून काठी, शिडी, बांबू, सगळं ऐकून झालेल्या. म्हणजे हा देखणा मॉडेल आल्या आल्या थट्टा करतोय! तिने जीभ आवरली, कारण ताई बघत होती.

ताई म्हणजे थोरली बहीण, स्टुडिओतली भागीदार. धाकटीच्या जिभेपायी दोन मोठी गिऱ्हाइकं हातची गेली होती. तिसरं गेलं तर कुलूप लावायचं, हे ताईने साफ सांगितलं होतं. तेव्हापासून नियम होता: आधी चांगलं सांगायचं, मग खोट, आणि शेवटी ती सुधारायची कशी तेही.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे चष्म्यांचे कारखानदार काका. बोलायला मऊ, हट्टाला पक्के. नव्या फ्रेमसाठी त्यांना एकच फोटो हवा होता. खिडकीशी उभा माणूस, आणि खोलीच्या या, कॅमेऱ्याच्या टोकापर्यंत पोचून काळजाला हात घालणारी नजर. काचेवर दिव्याची चकाकी मात्र नको. म्हणून तिने फ्रेममधल्या काचा काढून टाकल्या. धंद्यात सगळे तेच करतात.

दोन तास गेले. उभं राहावं तर त्यानेच, पण डोळे? दुकानातल्या पुतळ्याचे बरे.

“उभे छान राहता,” ती नियमाने म्हणाली. “पण नजरेत जीव नाही. कोणाकडे बघायचं ते एकदा ठरवा.”

“ठरवलंय. तुमच्याकडेच बघतोय.”

“मी इथे आहे. तो पडदा आहे.”

ताईला खोकला आला.

ती तरातरा त्याच्याकडे गेली, फ्रेम नाकावर सरळ करायला. आणि वीतभर अंतरावर ते डोळे एकदम जागे झाले. तिच्या कपाळावरून, भुवयांवरून हळूहळू फिरले… तिच्या डोळ्यांवर थांबले. तिचे हात फ्रेमवरच राहिले. मग तिला दिसलं: नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन जुने, खोल वळ.

“नंबर किती?” तिने हळूच विचारलं.

“साडेसहा.”

एजन्सीच्या कार्डावर ‘चष्मा नाही’ असं छापलं होतं. चष्मा लावणाऱ्या मॉडेलला काम कोण देतं, तो म्हणाला, आणि लेन्स लावली की डोळे सुजतात.

“म्हणजे सकाळचा नमस्कार—”

“तुम्हालाच होता. बारीक, ताठ… मला वाटलं, तुम्हीच.”

रागवायचं राहून गेलं. हसू ओठांशी आलं.

तेवढ्यात सकाळपासून खुर्चीत बसून बघणाऱ्या काकांचा निकाल आला. मुलगा सुरेख आहे, पण लाकूड आहे. दुपारी दुसरा बोलवा. असं परत पाठवलेल्या मॉडेलला एजन्सी पुन्हा विचारत नाही, हे तिला ठाऊक होतं. गप्प बसलं की स्टुडिओ वाचत होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं. “सांगा,” तो म्हणाला. “नाहीतर मी सांगतो.”

“काका, फ्रेम अप्रतिम आहे. इतकी हलकी मी हातात धरलेली नाही. पण ज्याला चष्म्याची खरी गरज आहे, त्याच्या काचा आपण काढून घेतल्या आणि वर नजर मागतोय. त्याला साडेसहाचा नंबर आहे. खोलीचं हे टोक त्याला दिसतच नाही.”

काका चपापले. मग म्हणाले, “जाड काचा दाखवल्या तर फ्रेम घेणार कोण?”

“जाड काचावालेच घेणार. ज्यांना सगळं लख्ख दिसतं ते तुमच्याकडे येतात तरी कशाला?”

ताईने डोळे मिटून घेतले. नियमाचा तिसरा भाग तिला तेव्हा आठवला.

“चकाकी माझ्यावर सोडा,” ती घाईने म्हणाली. “दिवे वर घेते, चष्म्याच्या काड्या कानावरून जराशा उचलते, म्हणजे काचा खाली झुकतात. काच ठिपकाभर जरी चमकली, तर फोटो घेऊ नका.”

काकांनी बिनकाचेची फ्रेम हातात घेऊन उलटसुलट केली. जन्मभर काचा घासल्या, आणि फोटोत काचाच नाहीत, असं काहीसं स्वतःशीच बोलले. मग त्यांनी कारखान्यात फोन लावला आणि साडेसहाच्या, त्यातल्या त्यात पातळ काचा बसवून मागितल्या.

चार वाजता चष्मा आला. त्याने तो लावला, खिडकीशी उभा राहिला, खोलीभर नजर फिरवली. दिव्याचा स्टँड पाहून ओशाळला. मग खोलीच्या या टोकाला त्याला ती सापडली.

तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. गरज नसताना तिसऱ्यांदाही.

“हाच,” काका म्हणाले. चकाकी त्यांनी शोधली, मिळाली नाही.

ताई काकांना सोडायला खाली गेली, ती परत येण्याचं नावच घेईना. तो बॅग उचलून दाराशी घुटमळला.

“तुमच्याबद्दल सांगू? ताईंनी सांगितला त्या नियमाने?”

“आधी चांगलं.”

“तुमच्या नजरेतून नाकावरचा वळसुद्धा सुटत नाही. खोट एवढीच… मी दिवसभर कोणाला शोधत होतो, ते सुटलं.”

तिने कॅमेऱ्याचा पट्टा उगाच गुंडाळला, सोडला. “आणि सुधारायचं कसं?”

त्याने काकांनी देऊन टाकलेला चष्मा काढून खिशात ठेवला. “जवळ ये. जवळचं मला दिसतं.”

ती गेली. सकाळच्या त्याच वीतभर अंतरावर थांबली.

“दिसतेय?”

“अजून… जरा धूसर.”

साडेसहाच्या नंबरला वीतभरावरचं किती दिसतं, हे सकाळीच तिने बघितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने धडधडीत खोटं ऐकून घेतलं, आणि पुढे सरकली.