सहाव्या ग्रीनवर बूट

गोल्फ हा माणसाला स्वतःचा शोध घ्यायला लावणारा खेळ आहे. मी तीन वर्षं खेळतोय. आजवर चेंडूच शोधलाय.

डोंगराच्या पायथ्याचं आमचं मैदान सार्वजनिक आहे. भाड्याच्या काठ्या घेऊन कुणीही खेळावं. एका अंगाला टॉवर, दुसऱ्या अंगाला टेकडी, आणि वारा फिरला की कळंबोलीकडे निघालेल्या ट्रकांचे हॉर्न. माझे वडील दिघ्याला फिटर होते, हे आमच्या ऑफिसातले मोठे साहेब उदयसिंह यांना ठाऊक होतं. मी गोल्फ खेळतो कळल्यावर ते कँटीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "चंद्रशेखर, हा खेळ रक्तात लागतो. तुमच्यासारखे लोक अर्ध्यातून उठतात."

तुमच्यासारखे म्हणजे कसे, ते मी विचारलं नाही. कँटीनमधल्या कुणालाच विचारावं लागलं नाही.

पंचाईत ही की मी खरंच अर्ध्यातून उठत असे. सहाव्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या त्या गुळगुळीत गवतावर, माझा चेंडू होलमध्ये पडतच नसे. झेंड्यापाशी जाई, वळे, झेंड्याला एक फेरा घाली आणि थांबे. कितीही मारा. शेवटी मागचे लोक ओरडत आणि मी घरी जाई. जमिनीला उतार असणार. मी एकदा गवंड्याची लेव्हल-बॉटल नेऊन तपासलं. उतार नव्हता.

माझे घरमालक हिरामणशेठ मात्र तिथे दरवेळी चेंडू पाडत. घणसोली गावात त्यांच्या दोन बिल्डिंगी आहेत. सहाव्या ग्रीनच्या काठाशी ते बूट काढत आणि अनवाणी आत जात.

"हा माझ्या मामाचा खला व्हता," ते म्हणायचे. "झेंडा हाय ना, तिथंच मेढ व्हती. तिला बैल बांधून भाताची मळनी करायचे. खल्यावर पायतान घालून कोन जातं?"

"मी असलं मानत नाही, शेठ."

"मानू नका. काढा फक्त."

मी काढले नाहीत. आमच्या घरात अंगारे-धुपारे आजोबांनीच बंद केले होते. एका चेंडूपायी ते सुरू करायला मी तयार नव्हतो.

त्या रविवारी उदयसिंह स्वतः आले, माझं उठणं बघायला. पांढरी पँट, खिळ्यांचे बूट. सहाव्या ग्रीनपाशी हिरामणशेठ बूट काढू लागले तसे ते म्हणाले, "अहो, हे शेत नाही. बूट घाला. इथे काही शिस्त आहे की नाही?"

"शेतच हाय," हिरामणशेठ शांतपणे म्हणाले आणि आत गेले. त्यांचा चेंडू पडला.

उदयसिंह माझ्याकडे वळले. "तू तरी शिकलेला आहेस. अनवाणी गेलास तर उद्या ऑफिसात मी हे सगळ्यांना सांगेन."

भुतासाठी मी बूट काढले नसते. उदयसिंहांसाठी काढले. मोजेसुद्धा.

गवत कोमट होतं. मे महिन्यात ओल्या पेंढ्याचा वास येत होता. मी पट मारला, म्हणजे चेंडू होलकडे हलकेच ढकलला. चेंडू सरळ गेला आणि पडला.

"नशीब," उदयसिंह म्हणाले, आणि खिळे रुतवत आत आले.

त्यांचा चेंडू झेंड्यापाशी वळला. एक फेरा झाला. थांबला नाही. दुसरा झाला.

ते बघत राहिले. मग त्याच्यामागून चालू लागले.

"सर," मी म्हटलं.

मान खाली. पावलं जड, एकसारखी. झेंड्याभोवती.

"तोंडाला मुसकी नाय बांधली," हिरामणशेठ हळूच म्हणाले.

तेव्हा मला दिसलं, साहेबांचा जबडा हलत होता. ते च्युइंगम खात नाहीत.

मागच्या खेळाडूंनी हाक मारली तेव्हा ते थांबले, घाम पुसला, आणि वेळ झाली म्हणून निघून गेले. मी उरलेली फेरी पूर्ण केली. आयुष्यात पहिल्यांदा.

सोमवारी उदयसिंह वेळेवर आले. मी स्कोअरकार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं, सगळ्यांदेखत. पण ते खुर्चीत नव्हते. टेबलाभोवती फिरत होते, अनवाणी, आणि गालिच्यावर गोल वाट पडू लागली होती.

कार्ड कुणीच बघितलं नाही. एकशे एकतीस. वाईट स्कोअर आहे.