चौकशी व्हावी, ही विनंती

गोदामवाल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा भावोजी ताईंच्या टेबलाशी बसून ताईंनी अर्धवट ठेवलेलं शब्दकोडं सोडवत होते, आणि ते काही सुटत नव्हतं.

ताई म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण. खासगी तपासाचं काम करायच्या. भावोजी नोकरीतून मोकळे झाले आणि त्यांचे मदतनीस झाले. आलेली माणसं प्रश्न ताईंना विचारत आणि पाणी भावोजींकडे मागत. हे त्यांना फार सलायचं. एकदा, फक्त एकदाच, चोर आपण ताईंच्या आधी ओळखावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

बाईंनी पाणी मागितलं आणि मग हकीकत सांगितली. कुलपांच्या कारखान्यात त्या तीस वर्षं गोदाम सांभाळत होत्या. यंदा कंपनीने सगळ्यांना संगणक शिकवायला काढला. सहा आठवड्यांचा वर्ग, शेवटी घरी बसून द्यायची परीक्षा. पहिला येईल तो नव्या प्रशिक्षण विभागाचा प्रमुख. चोपन्न वर्षांच्या बाई पहिल्या आल्या, आणि तिसऱ्या दिवशी कंपनीच्या संगणकावरच्या सूचनापेटीत त्यांच्याविरुद्ध निनावी तक्रार आली. ती खोटी ठरवायला व्यवस्थापकांनी आज चार वाजेपर्यंत मुदत दिली होती.

"पद गेलं तर गेलं," बाई म्हणाल्या. "पण त्यात माझ्या मुलीला खोटारडी ठरवलंय. ती काल जेवली नाही."

त्यांनी तक्रारीचा छापील कागद पुढे केला.

"गोदामवाल्या बाईंची परीक्षा त्यांच्या मुलीने िदली. हे सगळ्यांना माहीत आहे. चौकशी व्हावी, ही िवनंती."

"दोन वेलांट्या घसरल्यात," भावोजी म्हणाले. "यंत्रात बिघाड असणार."

"असेल," ताई म्हणाल्या आणि कागद पर्समध्ये ठेवला.

कारखान्यात त्यांनी आधी प्रशिक्षणाची खोली पाहिली. आठ संगणक, प्रत्येक कळीवर मराठी अक्षराची चिकटपट्टी. सूचनापेटी फक्त या संगणकांवर उघडायची. खोलीला कुलूप नव्हतं. कुलपांच्या कारखान्यात हे बरं दिसत नाही, असं भावोजी म्हणाले, पण कोणी हसलं नाही. ताईंनी एका संगणकावर चार ओळी लिहून पाहिल्या. वेलांट्या जागच्या जागी पडल्या.

पहिला भेटला तो शिकवणारा तरुण, बाहेरून येणारा. कंपनीचा स्वतःचा प्रमुख नेमला की त्याच्या फेऱ्या बंद होणार होत्या. बाई हुशार आहेत, पण इतक्या हुशार असतील असं वाटलं नव्हतं, असं तो नाक मुरडून म्हणाला. ताईंनी त्याला जबाब लिहून द्यायला सांगितलं. तो इंग्रजी अक्षरं बडवत होता आणि पडद्यावर मराठी उमटत होती: "मला वेल नाही. बाकी सगल खर आहे."

"वर्ग कोणी सोडला का?" ताईंनी विचारलं.

"टाइपिस्ट मॅडमनी. दुसऱ्याच दिवशी. मी सगळ्यांसमोर त्यांची एक चूक काढली, तर उठून गेल्या."

दुसरा हजेरी कारकून. दोन गुणांनी दुसरा आलेला. त्याच्या पोटातलं दुखणं चेहऱ्यावर आलं होतं आणि त्याने ते लपवलंही नाही. बाईंचं नाव कटलं तर पद त्याचंच. जबाब लिहा म्हटल्यावर त्याने फोन तोंडाशी धरला आणि बोलत सुटला. पडद्यावर सात ओळींचं एकच वाक्य झालं, त्यात ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. भावोजींनी मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या.

तिसऱ्या टाइपिस्ट बाई. गोदामवाल्या बाईंची जुनी मैत्रीण, दोघी रोज एकाच डब्यात जेवायच्या. त्या तर मैत्रिणीच्या बाजूने तावातावाने बोलल्या. त्यांच्या टेबलावर धूळ नसलेलं जुनं टंकयंत्र होतं आणि समोरची खुर्ची रिकामी होती.

"पूर्वी इथे रांग लागायची," त्या म्हणाल्या. "अर्ज, विनंत्या, सगळं मीच लिहून द्यायचे. आता प्रत्येक जण स्वतःच लिहितो. लिहू देत."

"हे यंत्र चालतं अजून?" ताईंनी विचारलं. "'दिवस' एवढंच लिहून दाखवा ना."

टाइपिस्ट बाईंची बोटं न बघता पडली. आधी वेलांटी उमटली, मग तिच्याखाली द येऊन बसला, मग व आणि स. किती हा वेग, असं भावोजींना वाटलं. आपल्याला फोनवर नाव लिहायलाही पाच मिनिटं लागतात, हे आठवून ते थोडे खट्टू झाले.

पावणेचारला सगळे व्यवस्थापकांच्या खोलीत जमले. ताई बोलायच्या आत भावोजी उभे राहिले.

"हजेरी कारकून," ते म्हणाले. "पद त्यालाच मिळणार होतं."

"बसा, भावोजी," ताई म्हणाल्या. "फायदा त्याचा आहे, पण लेखन त्याचं नाही. तो फोनशी बोलतो, म्हणून त्याला विरामचिन्हं सापडत नाहीत. तक्रारीत ती चोख आहेत. गुरुजी इंग्रजी अक्षरांतून लिहितात, म्हणून त्यांचा ळ कायम ल होतो. तक्रारीतल्या 'सगळ्यांना'मध्ये ळ बरोबर आहे. आणि या दोन्ही तऱ्हांनी लिहिताना वेलांटी कधी अशी घसरत नाही."

"मग बिघाडच," भावोजी म्हणाले.

"यंत्र ठीक आहे, मी लिहून पाहिलं. संगणकाला आधी द लागतो, मग वेलांटी. वेलांटी आधी दाबली तर ती रिकाम्या जागी लोंबकळत राहते. आधी कोण दाबतं? जी टंकयंत्रावर शिकली. तिथे जे डावीकडे दिसतं ते आधी. अक्षरं चिकटपट्ट्या बघून एकेक शोधता येतात, पण तीस वर्षांचा क्रम बोटांतून जात नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक काढली ती हीच ना, गुरुजी?"

तरुणाने होकारार्थी मान हलवली.

कोणीच टाइपिस्ट बाईंकडे पाहत नव्हतं. गोदामवाल्या बाई मात्र पाहत होत्या.

"तू?" त्या म्हणाल्या.

टाइपिस्ट बाईंनी नाकारलं नाही. "तुझा प्रत्येक अर्ज मी लिहिला," त्या म्हणाल्या. "रजेचा, बढतीचा, मुलीच्या शाळेचा. मागच्या महिन्यात तू रजेचा अर्ज स्वतःच पाठवलास. डबा खाताना सांगितलंस, किती सोपं आहे म्हणून. मी हसले. पण त्या दिवसापासून तुझं तोंड बघवेना मला."

भावोजींनी ताईंकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. टाइपिस्ट बाईंचं बोलणं त्यांना नको तितकं कळलं होतं.

व्यवस्थापकांनी सांगितलं की गोदामवाल्या बाईंचं पद कायम, आणि लेखी माफीनामा आत्ताच्या आत्ता. टाइपिस्ट बाई व्यवस्थापकांच्याच संगणकासमोर बसल्या. कळींवर इथेही चिकटपट्ट्या होत्या. 'माझी चूक झाली' इथपर्यंत लिहून झालं. मग 'तुझ्या मुलीची' झालं. 'दिलगीर'पाशी बोट वेलांटीवर गेलं आणि तिथेच थांबलं.

गोदामवाल्या बाई मागे उभ्या होत्या.

"आधी काय?" टाइपिस्ट बाईंनी मागे न बघता विचारलं.

"आधी अक्षर," गोदामवाल्या बाई म्हणाल्या. "आणि उद्यापासून डबा वेगळा आण. वर्गात मात्र दहाला ये."

परत आल्यावर भावोजींनी अर्धवट शब्दकोडं उचलून ताईंच्या हातात दिलं आणि, या खेपेला कोणी न मागता, दोघांसाठी पाणी आणलं.